पाची, लोणा आणि आमचं अंगण

आमच्या घरात एका वस्तूला दोन नावं असणं नवीन नाही. पावसाळ्यात फरशीवर हिरवट, बुळबुळीत थर चढला की मी म्हणते, ‘शेवाळ आलंय.’ आणि अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात उभ्या राहून म्हणतात, ‘पाची कट्टैति नोड.’ नाव कुठलंही घ्या, पाय घसरायचा तो घसरतोच. चार वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका सकाळी, तो अत्तींचाच घसरला.

मैत्रिणींनो, आज अंगणाच्या फरशीविषयी लिहायचं आहे. विषय गवंड्याचा वाटेल, पण अंगण झाडणारी, धुणारी, रांगोळी काढणारी आणि घसरून पडणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. शिवाय आमच्याकडे जे झालं त्यात चूक माझी होती. ती तुमच्याकडे होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा पसारा.

आमच्या पुढच्या अंगणात पूर्वी शहाबादी फरशी होती. गाडी आत घ्यायची म्हणून ती काढून सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवले. ब्लॉक नवे होते तोवर छान दिसले. वर्षभरात रंग विटला, कडेनं पांढरा खार फुटला, सांध्यांतून गवत आलं. दिवाळीच्या फराळाला गेलेल्या एका घरी मी चकचकीत अंगण पाहिलं, नुकताच पाऊस पडून गेल्यासारखं. ‘वरून लिक्विड मारलंय,’ त्या म्हणाल्या. झालं. मी घरी येऊन तेच मनात धरून बसले. पुढच्या मे महिन्याच्या शेवटी दुकानातून डबे आणले आणि माणूस लावून दोन जाड हात मारून घेतले. अंगण आरशासारखं झालं. अत्ती एकदाच अनवाणी त्यावरून चालल्या आणि म्हणाल्या, ‘जारतैति इदु.’ घसरतंय हे. मी म्हटलं, ‘नवीन आहे म्हणून वाटतंय, अत्ती.’

जून उजाडला. पहिल्या दोन आठवड्यांत त्या आरशाखाली पांढुरके ढग दिसायला लागले. जुलैत तुळशीला पाणी घालायला अत्ती उतरल्या आणि तुळशीकट्ट्याच्या दोन पावलं अलीकडे पडल्या. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्यातून येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, ‘ना हेळिद्दे, जारतैति अंत.’ मी सांगितलं होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हात बरा झाला. पण त्यानंतर अत्ती अंगणात उतरेनात. तुळशीला पाणी नातवानं घालायचं, दिवा मी लावायचा, आणि त्या उंबऱ्याच्या आत उभं राहून हात जोडायच्या. चाळीस वर्षं ज्या बाईनं रोज पहाटे सडा घातला, तिचं अंगण मी चकाकीपायी काढून घेतलं होतं. मग मात्र मी मुळापासून चौकशी सुरू केली. दोन गवंडीमामा, एक बांधकाम इंजिनिअर असलेले शेजारी आणि डब्यांवरची बारीक अक्षरं, यांतून जे कळलं ते पुढे देते आहे.

आधी दगड ओळखा

आपल्या भागात अंगणात काय काय असतं? जुन्या घरांत शहाबादी, कुठे काळा कडप्पा. खानापूरच्या बाजूला आणि खाली गोव्यात जांभा. नव्या घरांत कोटा, ग्रॅनाइट किंवा पेव्हर ब्लॉक. ‘लिक्विड’ मारायचं की नाही, कुठलं मारायचं, हे यावरच ठरतं.

शहाबादी आली कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून. पुण्या-मुंबईच्या चाळींतून आणि स्वयंपाकघरांतून मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या जिच्यावर मांडी घालून जेवला, ती फरशी कर्नाटकातली. आमच्या अत्ती तिला ‘परसी’ म्हणतात. शहाबादी, आंध्रचा कडप्पा, राजस्थानचा कोटा आणि तेलंगणातला तांडूर हे चारही मुळात चुनखडीचे दगड. त्यांचा शत्रू एकच : आंबट पदार्थ. पडून राहिलेल्या जुन्या तुकड्यावर लिंबाचा रस पाच-दहा मिनिटं ठेवून पाहा. पुसल्यावर तिथली चमक गेलेली दिसेल. आता विचार करा, बाथरूम धुवायचं ॲसिड अशा फरशीवर ओतलं तर काय होत असेल! फेस येतो आणि मळ निघाल्यासारखा वाटतो, पण मळासोबत दगडाची वरची कातही निघून जाते. मग फरशी खरबरीत होते, आणखी पाणी पिते आणि पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळ धरते.

इलकलचा लालसर ग्रॅनाइट तुम्ही पाहिला असेल. इलकल म्हटलं की आपल्याला आधी साडी आठवते, पण तिथला दगडही नावाजलेला. ग्रॅनाइट घट्ट असतो, पाणी फार कमी पितो. जांभ्याचं उलट. तो सच्छिद्र, स्पंजासारखा, पाणी पिऊन तृप्त होणारा.

पेव्हर ब्लॉक म्हणजे सिमेंट, वाळू आणि बारीक खडी यांचं दाबून केलेलं काँक्रीट. त्यासाठी भारतीय मानक आहे, आय. एस. १५६५८, पहिल्यांदा २००६ साली निघालेलं. त्यात चालण्यापुरत्या जागेला निदान ५० मिलिमीटर जाडीचा आणि हलक्या वाहनांच्या जागेला ६० मिलिमीटरचा ब्लॉक सांगितला आहे, आणि ब्लॉकनं सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये अशी अट आहे. घेताना एवढं विचारलं तरी दुकानदार समजतो की बाई नुसता रंग बघायला आलेली नाही. हलका, भुसभुशीत ब्लॉक घेऊन त्यावर महागडं औषध मारणं म्हणजे फाटक्या छत्रीला इस्त्री करणं.

थेंबाची परीक्षा

तुमच्या अंगणाला असल्या लेपाची गरज आहे का, हे फुकटात कळतं. फरशी दोन दिवस कडकडीत वाळू द्या. मग चार-पाच ठिकाणी पाण्याचे मोठे थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंब तसाच बसून राहिला आणि पुसल्यावर खाली काळपट डाग नसला, तर दगड पाणी पीत नाही. पैसे वाचले. डबा आणू नका. थेंब पाच मिनिटांच्या आत मुरून डाग पडला, तर संरक्षणाचा विचार करायला हरकत नाही. आमच्या ओळखीच्या तीन घरांत मी ही परीक्षा केली. ग्रॅनाइटवाल्यांना गरजच नव्हती, आणि त्यांनी नुकताच डबा आणून ठेवला होता.

लेप दोन जातींचे

दुकानात डब्यांवर नावं पन्नास असतील, पण जाती मुख्यतः दोनच. पहिली जात वर थर धरणारी. ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन वगैरे. दगडावर पातळ पारदर्शक पापुद्रा बसतो, रंग गडद होतो, ‘ओला’ दिसतो. डाग वरच्यावर राहतात, सांध्यातली वाळू धरून राहते. हे फायदे खरेच आहेत. पण पाऊस पडला की हा पापुद्रा निसरडा होतो. त्यात मिसळायला घसरण थांबवणारी बारीक भुकटी मिळते, पण आम्ही ती मागितली नाही आणि कोणी सांगितलीही नाही. दुसरी गोष्ट, खाली ओल राहिली तर तिला वर यायला वाट मिळत नाही. ती पापुद्र्याखाली अडकते आणि तो दुधासारखा पांढुरका होतो. आमच्या अंगणातले ढग म्हणजे हेच. आणि हा थर उन्हापावसात झिजतो, दोन-तीन वर्षांत पुन्हा काम निघतं.

दुसरी जात आत मुरणारी. सायलेन, सायलॉक्सेन अशी नावं डब्यावर शोधा. हे औषध पाण्यासारखं पातळ असतं. दगडाच्या छिद्रांत शिरतं आणि त्यांच्या भिंतींना पाणी न आवडणारं करून टाकतं. छिद्र बुजत नाही, म्हणून आतली वाफ बाहेर जाऊ शकते. पाऊस मात्र आत शिरत नाही, थेंब अळूच्या पानावर बसावा तसा वर राहतो. चमक येत नाही. लावल्यावर काही केलंय असं वाटतच नाही, आणि हेच मला पूर्वी आवडलं नसतं. टिकतंही सहसा जास्त.

पण इथेही एक मेख आहे. ही औषधं वाळूच्या, म्हणजे सिलिकाच्या जातीच्या खनिजांशी पक्की जुळतात. त्यामुळे सिमेंटच्या ब्लॉकवर छान काम करतात. शहाबादी-कडप्प्याच्या चुनखडीशी त्यांचं तितकं जमत नाही. चुनखडीच्या दगडाला चालेल असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यावं, आणि तरीही आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर लावून, महिनाभर वापरून, पुन्हा थेंबाची परीक्षा करावी.

लोणा म्हणजे घाण नव्हे

नव्या ब्लॉकवर पांढरी भुकटी आली की आपण घासायला धावतो. ती वरून पडलेली धूळ नसते. सिमेंटमधला विरघळणारा चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी मिळतो आणि पांढरा होऊन बसतो. ह्यालाच आपण खार फुटला, लोणा लागला असं म्हणतो. नव्या ब्लॉकचा हा खार बहुधा काही महिन्यांत पावसानं आणि झाडूनं आपोआप जातो. म्हणून नव्या ब्लॉकवर घाईनं लेप देऊ नये. निदान एक महिना, आणि जमलं तर एक अख्खा पावसाळा जाऊ द्यावा. खार फुटत असतानाच वर थर दिला, तर तो खार थराखाली कायमचा राहतो.

पण वर्षानुवर्षं खार येतच असेल, तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ खालून ओल चढते आहे. जुन्या वाड्यांत, जांभ्याच्या फरशीत, मोरी किंवा आडाच्या जवळ असं होतं. अशा ठिकाणी लेप देणं घातक. क्षार वर यायचे थांबत नाहीत, ते दगडाच्या वरच्या कातीखाली साठतात, तिथे त्यांचे खडे वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आधी ओल थांबवायची, मग लेपाचं बघायचं. ओल आहे का हे कळायला सोपा उपाय : हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद फरशीवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा. दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब जमले किंवा फरशी काळवंडली, तर खाली पाणी आहे.

उतार हाच पहिला लेप

गवंडीमामांनी आमच्या अंगणात पाऊल ठेवलं, बादलीभर पाणी ओतलं आणि बघत उभे राहिले. म्हणाले, ‘वैनी, औषध नंतर बगूया. पानी इतंच हुबं ऱ्हायलंय की वो.’ मागून अत्तींचा आवाज आला, ‘हौद री, नीर अल्ले निंतैति.’ गेली तीन वर्षं त्याच हे सांगत होत्या, फक्त कन्नडमध्ये. मी ऐकत होते, पण मनावर घेत नव्हते.

तुळशीकट्ट्याजवळ ब्लॉक खचले होते आणि बरोबर तिथेच पाणी साठायचं. शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि सावली. आमच्याकडे चिकूच्या झाडाची सावली होती आणि खचलेल्या ब्लॉकांनी ओल दिली. अंगणाला दर आठ फुटांना साधारण एक इंच उतार हवा, घराकडून बाहेर जाणारा. पेव्हर ब्लॉकचं एक सुख असं की ते उचलून पुन्हा बसवता येतात. तेवढे ब्लॉक काढले, खालची वाळू समतल केली, उतार दिला आणि तेच ब्लॉक परत लावले. एका दिवसाचं काम. हे आधी केलं असतं तर कदाचित बाकीचं काही करावंच लागलं नसतं.

आणखी एक. सगळं अंगण सिमेंटनं बंद करून टाकू नये. ब्लॉकच्या दोन-चार मिलिमीटरच्या सांध्यांतून थोडं पाणी खाली जातं, तेवढं तरी जाऊ द्यावं. उन्हाळ्यात विहिरी आणि बोअर आटले की आपणच ओरडतो.

धुणं आणि एक गंभीर सूचना

लेपाआधी अंगण स्वच्छ हवं. आधी कोरडं झाडून घ्या. शेवाळ ताठ ब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं बरंचसं निघतं. चिवट असेल तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी टाकून पंधरा मिनिटं ठेवावं, घासावं आणि भरपूर पाण्यानं धुऊन टाकावं. हे पाणी आडात, तुळशीच्या मातीत किंवा झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नका.

आणि हे मात्र घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, दोन्ही भाषांत सांगा : ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही. एकापाठोपाठ एकही टाकायचं नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं’ या समजुतीनं जीव जाऊ शकतो. गाडीच्या ऑइलच्या डागावर लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्यावं, मग साबणानं धुवावं.

केव्हा लावायचं

मी मे महिन्याच्या शेवटी लावलं, ही दुसरी चूक. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दोन संकटं असतात. दुपारी फरशी इतकी तापते की औषध मुरायच्या आतच वाळतं, आणि संध्याकाळी कधी वळीव येईल याचा नेम नाही. पावसाळ्यात तर विचारच नको. दिवाळीच्या सुमारासही परतीचा पाऊस एखादी सर टाकून जातो. आपल्या भागाला सगळ्यात सोयीचा काळ तुळशीचं लग्न झाल्यापासून संक्रांतीपर्यंतचा. हवा कोरडी, ऊन सौम्य. फक्त सकाळी दव असतं, म्हणून ऊन येऊन फरशी सुकल्यावरच हात घालावा.

धुतल्यावर निदान दोन दिवस वाळू द्यावं. सांध्यांतली वाळू कमी झाली असेल तर बारीक कोरडी वाळू झाडूनं भरून घ्यावी आणि वर सांडलेली झाडून टाकावी. लावल्यावर चोवीस तास पाणी नको आणि पाऊलही नको. गाडी डब्यावर लिहिलं असेल तितके दिवस बाहेर.

किती लागेल याचा हिशोब सोपा. अंगण १२ फूट बाय १५ फूट असेल तर १८० चौरस फूट. समजा डब्यावर लिहिलंय की एक लिटर एका हाताला ६० चौरस फूट पुरतं. म्हणजे एका हाताला ३ लिटर, दोन हातांना ६. सच्छिद्र दगडाला जास्त लागतं, म्हणून आधी चार चौरस फुटांवर लावून अंदाज घ्यावा. आत मुरणारं औषध असेल तर पहिला हात ओलसर असतानाच दुसरा देतात, आणि वर साचलेलं काही मिनिटांत फडक्यानं टिपून घेतात. साचू दिलं तर चिकट डाग पडतात. थर धरणारं असेल तर दोन्ही हात पातळ, आणि पहिला वाळल्यावरच दुसरा. जाड हात म्हणजे जास्त संरक्षण ही माझी समजूत होती. जाड हातानं फक्त पापुद्रा लवकर सुटतो.

आता दिव्याचं. यातली काही औषधं पेट्रोलसारखी झटकन पेट घेणारी असतात, वासही उग्र असतो. ज्या दिवशी काम असेल त्या संध्याकाळी तुळशीपुढे दिवा, उदबत्ती काही लावायचं नाही. देव समजून घेतो. नाकाला मास्क, हातमोजे, आणि लहान मुलं व दम्याची माणसं त्या दिवशी मागच्या खोलीत. पाण्यात मिसळलेली औषधंही मिळतात, घराला लागून अंगण असेल तर तीच बरी.

पुन्हा अंगणात

आमचा जुना चकचकीत थर काढणं हे लावण्यापेक्षा जास्त खर्चाचं निघालं. थर विरघळवणारं द्रव्य लावून, घासून, टिपून, माहितगार माणसानं चार दिवस काम केलं. मग धुणं, वाळवणं, उतार आणि शेवटी जानेवारीत आत मुरणारं औषध. आधी एका कोपऱ्यात लावून पाहिलं. त्यावर पाणी ओतलं, मी अनवाणी चालले, मग मुलगा चालला. पकड ब्लॉकची होती तशीच राहिली होती. तेव्हा कुठे बाकीच्या अंगणाला हात लावला.

रांगोळीचं काय, असं तुम्ही विचाराल. मलाही तीच काळजी होती. पांढऱ्या रांगोळीला काही फरक पडत नाही, ती पूर्वीसारखीच बसते आणि झाडली की जाते. हळद-कुंकू आणि दिव्याचं तेल सांडलं की पूर्वी ब्लॉकमध्ये शिरून कायमचं राहायचं. आता ते मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात पुसून घेता येतं. तसंच ठेवलं तर डाग पडतोच. औषधामुळे आपल्याला वेळ मिळतो, आळशीपणाला माफी मिळत नाही.

शेवाळ येतं का? येतं. चिकूखालच्या पट्ट्यात श्रावणात हिरवी झाक दिसतेच. पण आता ती आठवड्यातून एकदा ब्रश मारला की निघते, पूर्वीसारखी मुळं धरून बसत नाही. ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांनी पावसाळ्यात दर आठवड्याला एवढा ब्रश मारला, झाडाच्या दोन फांद्या छाटून ऊन येऊ दिलं आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर काथ्याची पट्टी टाकली, तरी अर्धं काम होतं.

जुन्या काळी अंगण शेणानं सारवायचे. मराठीत सारवणं, कन्नडमध्ये सारसोदु. अत्ती सांगतात, त्यांच्या माहेरी आठवड्याला सारवण असायचंच. माती उडू नये, पाणी लगेच भिनू नये म्हणून दिलेला तोही एक लेपच. फरक इतकाच की तो एकदा देऊन पाच वर्षं विसरायचा नसे. दर आठवड्याला वाकून, हातानं, प्रत्येक वीत न्‌ वीत पाहिली जायची. कुठे खचलंय, कुठे पाणी थांबतंय, हे सारवणाऱ्या बाईला आपोआप कळायचं. अत्तींना आमच्या ब्लॉकांतला खळगा आधी दिसला तो याच सवयीनं.

एवढं सगळं करूनही अत्ती लगेच उतरल्या नाहीत. पाय घसरण्याची भीती फरशी सुधारली म्हणून जात नाही, हे मला तेव्हा कळलं. एका रविवारी मी त्यांना विचारलं, ‘अत्ती, अजून काय हवंय?’ त्या म्हणाल्या, ‘हिडकोळ्ळाक एनरे बेकु.’ धरायला काहीतरी हवं. इतक्या सगळ्या खटाटोपात ही साधी गोष्ट आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. पायऱ्यांपासून तुळशीपर्यंत कमरेएवढा लोखंडी दांडा लावून घेतला. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त तोच पडला.

गेल्या पावसाळ्यात, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. अत्ती दांडा धरून खाली उतरल्या होत्या. डाव्या हातात दांडा, उजव्या हातात तांब्या. तुळशीजवळ थांबून त्यांनी पायानंच ब्लॉक चाचपून पाहिला, पुढे झाल्या, पाणी घातलं. परत येताना त्यांना मी खिडकीत दिसले असणार. त्या म्हणाल्या, ‘ईग चलो आतु. आदरे आ मूलेयाग इन्नू पाची ऐति, तिक्कु.’

आता बरं झालं. पण त्या कोपऱ्यात अजून शेवाळ आहे, घास.

मी ब्रश घेऊन बाहेर गेले.